आधीं ओळख, मग उपाय

मृगाच्या सरी पडूं लागल्या कीं आमच्याकडे आगपेट्या, कांचेच्या बाटल्या व कागदाच्या पुड्या येऊं लागतात. त्यांत कधीं मेलेला भुंगेरा, कधीं मातींत गुंडाळलेली अळी, तर कधीं गोगलगाईचें रिकामें कवच असतें, आणि सोबतच्या चिठींत प्रश्न बहुधा एकच असतो, "यावर कोणतें औषध मारावें?" विचारणारे आमचे बंधु कष्टाळू व सावध असतात, यांत शंका नाहीं. परंतु या प्रश्नाच्या आधीं विचारावयाचा एक प्रश्न राहून जातो, व तो म्हणजे, "हा कोण?" वैद्यानें नाडी पाहिल्यावांचून पुडी बांधूं नये, हें आपण सर्वच मानतों, मग किडीचें नांव कळल्यावांचून पंप खांद्यावर कां घ्यावा?

भुंगेरे जमविणें, शंख-शिंपले पारखणें व त्यांच्या जाती लावणें हा रिकामटेकड्या पंडितांचा छंद आहे, असा एक समज आपल्यांत रूढ आहे. हा समज किती महागांत पडतो, हें घडलेल्या एका हकीकतीवरूनच सांगणें बरें.

नदीकांठच्या एका गांवीं आमचे एक सभासद आहेत. श्रावण सरल्यावर त्यांचा ऊस पिवळा पडून बेटेंच्या बेटें हातानें उपटून येऊं लागलीं. खालीं पाहतां मुळांशीं हुमणी. शेजारच्या माळावरील गांवानें कडुनिंबाच्या व बाभळीच्या झाडांवर रात्रीं जमणारे भुंगेरे झाडून, रॉकेल मिसळलेल्या पाण्यांत मारून हुमणी आटोक्यांत आणल्याचें त्यांनीं ऐकलें होतें. तेव्हां त्यांनींही तीन वर्षें पहिल्या पावसानंतर रात्रीमागून रात्री मजूर लावून झाडें हलविलीं. मजुरी गेली, झोंप गेली. भुंगेरे मूठभरसुद्धां मिळाले नाहींत, आणि ऊस पूर्वीसारखाच पडत राहिला. "तुमचा उपाय पुस्तकांतला आहे," असें त्यांनीं आम्हांस रागानेंच लिहिलें. आम्हीं उत्तरीं एवढेंच कळविलें कीं, शेतांतल्या दहा अळ्या व मिळाल्यास एक भुंगेरा पाठवावा.

भुंगेरा आला. त्याच्या पाठीवर भिंग धरतांच सर्व उलगडा झाला. माळावरच्या हुमणीचा भुंगेरा तांबूस तपकिरी व गुळगुळीत असतो. हा त्याहून मोठा, आणि त्याची पाठ बारीक फिकट खवल्यांनीं झांकलेली होती. पहिल्याचें शास्त्रीय नांव होलोट्रिकिया सेराटा, तर दुसऱ्याचें ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. आणि 'लेपिडोफोरा' या शब्दाचा अर्थच मुळीं 'खवले धारण करणारा' असा आहे. कोल्हापूर-सांगलीकडील नदीकांठच्या जमिनींत हा दुसराच प्रामुख्यानें आढळतो, आणि निंबा-बाभळीवर पाल्यासाठीं गर्दी करण्याची रीत याची नाहीं. पावसाळ्याच्या आरंभीं तिन्हीसांजा होतांच तो जमिनींतून निघतो, थोडा वेळ खालीं खालीं उडतो, आणि मीलन झालें कीं मादी पुन्हां मातींत शिरते. उपाय खोटा नव्हता; तो भलत्याच किडीवर केला गेला होता. तीन वर्षांचा खर्च ज्या अज्ञानापायीं झाला, तें दूर करण्यास एक भिंग व पाव घटकेचा वेळ पुरला.

नांव कशासाठीं?

आपल्या बोलींत 'भुंगा' या एका शब्दांत वाशाला गोल भोंक पाडणारा काळा भुंगा बसतो, आणि माडाचा कोंब कातरणारा गेंड्या भुंगाही बसतो. वस्तुतः पहिला मधमाशीच्या गोत्रांतला असून फुलांवर हिंडणारा आहे. दुसरा निराळ्याच गणांतला. 'किडा' व 'अळी' या शब्दांची तर सीमाच नाहीं. उलट एकाच किडीस दर दहा कोसांवर निराळें नांव. अशा स्थितींत एका गांवचा अनुभव दुसऱ्या गांवास लिहून कळवावा कसा?

ही अडचण सर्व देशांतील अभ्यासकांस होती. स्वीडनमधील कार्ल लिनियस यानें इ. स. १७५८ मध्यें आपल्या ग्रंथाची दहावी आवृत्ति प्रसिद्ध केली, आणि तींत प्रत्येक प्राण्यास दोन शब्दांचें नांव दिलें. पहिला शब्द आडनांवासारखा, सबंध भाऊबंदांस लागू असणारा. दुसरा त्या एका जातीचा स्वतःचा. आपल्या कोंकणांतील माडाचा वैरी जो गेंड्या भुंगा, त्याच्या ओरिक्टिस ऱ्हायनोसेरस या नांवांतील दुसरा शब्द त्याच ग्रंथापासून चालत आलेला आहे. लिनियसचा डॅनिश शिष्य फाब्रिसियस यानें हिंदुस्थानांतील पुष्कळ कीटकांस नांवें दिलीं. तामिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतींतून त्याच्याकडे नमुने जात असत. माळावरच्या हुमणीस 'सेराटा', म्हणजे करवतीसारखी, हें नांव १७८१ सालीं त्यानेंच दिलें. तेव्हांपासून आजपर्यंत या किडीविषयीं जगांत कोणीं कांहीं लिहिलें असेल, तें सर्व त्या नांवाच्या किल्लीनें उघडतें. शास्त्रीय नांवाचा उपयोग हा आहे. तें उच्चारण्यास जड वाटलें, तरी सात-बाराच्या उताऱ्यावरील गट नंबराप्रमाणें त्यानें गोंधळ मिटतो.

भुंगेरा कोणास म्हणावें?

आजवर नांवें मिळालेल्या भुंगेऱ्यांच्या जाती चार लाखांच्या आसपास आहेत. दुसऱ्या कोणत्याही कीटकगणांत इतक्या जाती नाहींत. तथापि गण ओळखण्यास मोठी विद्या लागत नाहीं. पुढचे दोन पंख कठीण होऊन त्यांचें कवच झालेलें असतें, व तीं दोन कवचें पाठीच्या मध्यावर सरळ रेषेंत मिळतात. त्यांखालीं उडण्याचे पातळ पंख घडी घालून ठेवलेले असतात. तोंडास कुरतडण्याचे जबडे असतात. अंडें, अळी, कोष व पूर्ण कीटक अशा त्याच्या चार अवस्था होतात.

याच्याशीं ज्याची गल्लत होते तो ढेकणाच्या गणांतील कीटक. त्याचे पंख पाठीवर एकमेकांवर तिरपे चढलेले असतात, तोंडाच्या जागीं रस शोषण्याची सुईसारखी सोंड असते, आणि त्याची पिलें लहानपणापासून आईबापांसारखींच दिसतात; मध्यें कोष नसतो. हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. पानावर बसलेलें विष कुरतडणाऱ्याच्या पोटांत जातें. रस शोषणाऱ्याच्या पोटांत तें जात नाहीं. तोंड न पाहतां औषध निवडणें म्हणजे कुलूप न पाहतां किल्ली विकत घेण्यासारखें आहे.

भुंगेऱ्यांची कुलें मिशांवरून व तोंडावरून पुष्कळशीं ओळखतां येतात. मिशांच्या टोंकास पोथीच्या पानांसारख्या चकत्या असून त्या उघडमीट करतां येत असतील, तर तो हुमणी, गेंड्या भुंगा व शेणकिडा यांच्या कुलांतला. तोंड पुढें सोंडेसारखें लांबलेलें व मिशी कोपरासारखी वांकलेली असेल, तर तो सोंड्या. कणगींतील तांदळास लागणारा लहानगा सोंडा व माडाचें खोड आंतून पोखरणारा तांबडा सोंड्या हे दोघे एकाच घरचे. मिशा अंगाइतक्या किंवा त्याहून लांब असतील, तर तो लांबशिंग्या. आंब्याच्या खोडांतील भिरूड ही याचीच अळी होय. आणि अर्ध्या वाटाण्यासारखें फुगीर अंग, त्यावर ठिपके, व आखूड मिशा असतील, तर तो ढालकिडा.

एका घरांतले मित्र आणि शत्रु

कुल ओळखलें म्हणजे काम संपलें, असें मात्र कोणीं समजूं नये. ढालकिड्यांचेंच उदाहरण घ्या. सात ठिपक्यांचा, तांबडा, चकचकीत ढालकिडा मावा खाऊन जगतो. त्याची अळी करड्या-काळ्या रंगाची, अंगावर नारिंगी ठिपके असलेली व एखाद्या इवल्याशा सुसरीसारखी असून ती माव्याच्या थव्यांत हिंडत असते. ही अळी पाहून "नवी कीड आली" म्हणून फवारणी केल्याचीं उदाहरणें आमच्याकडे दरसाल येतात. फवाऱ्यानें मावाही मरतो व अळीही मरते. परंतु मावा थोड्याच दिवसांत पुन्हां वाढतो, आणि त्यास खाणारा मात्र लौकर परत येत नाहीं.

आतां याचाच भाऊबंद अठ्ठावीस ठिपक्यांचा ढालकिडा पाहा. हा वांग्याच्या व बटाट्याच्या पानांचा हिरवा भाग खरवडून खालीं नुसती जाळी शिल्लक ठेवतो. त्याच्या पाठीवर चकाकी नसते. भिंगाखालीं पाहिल्यास ती बारीक लवेनें झांकलेली दिसते. त्याची अळी पिवळसर असून तिच्या अंगावर फांटे फुटलेले कांटे असतात. ठिपके मोजण्याचा कंटाळा येत असेल, तर लव व चकाकी एवढें पाहिलें तरी आरंभीं काम भागतें.

याहून फसवें उदाहरण द्राक्षबागाईतदारांस ठाऊक असेल. पिठ्या ढेकणावर सोडला जाणारा क्रिप्टोलिमस नांवाचा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियांतला. तो १८९८ सालीं हिंदुस्थानांत आणला गेला. त्याच्या अळीच्या अंगावर पांढऱ्या मेणाचे लांब झुपके असतात, व ती ज्या पिठ्या ढेकणास खाते त्यासारखीच हुबेहूब दिसते. पैसे देऊन आणलेला मित्र शत्रु समजून चिरडणें, हें या एका सारखेपणामुळें सहज घडतें. झुपका बाजूस सारून पाहावें. चपळ चालणारी, जबडे असलेली अळी दिसली, तर तिला सोडून द्यावें.

शेणखताच्या खड्ड्यांतील पांढऱ्या अळ्यांविषयींही असाच घोटाळा होतो. कोयत्यासारखी वांकडी, पांढरी, तांबड्या डोक्याची अळी दिसली कीं ती हुमणी, असें धरून सबंध खतांत विष कालवणारे आम्हांस ठाऊक आहेत. एक सोपी परीक्षा सांगतों. अळी टणक, सपाट जमिनीवर ठेवावी. ती उताणी होऊन पाय वर करून पाठीवर सरकूं लागली, तर ती फुलांवरच्या चकचकीत भुंगेऱ्याची, कुजका पालापाचोळा खाणारी अळी होय. पिकाच्या मुळांचें ती सहसा कांहीं बिघडवीत नाहीं, व खत कुजविण्यास मदतच करते. कुशीवर पडून वेटोळें करील किंवा पायांनीं माती उकरूं पाहील, तिचा मात्र संशय धरावा. माडाच्या मुलुखांत खड्ड्यांतील अंगठ्याएवढ्या जाड अळ्या गेंड्या भुंग्याच्या असण्याचा संभव असतो. त्या वेंचून नष्ट केल्याच पाहिजेत.

आणि शेणाच्या गोळ्या करून पुरणारा शेणकिडा तर फुकटचा गडी आहे. ऑस्ट्रेलियांत गाईगुरें बाहेरून गेलीं, पण त्यांचें शेण पुरणारे किडे तेथें पुरेसे नव्हते. शेण कुरणावर तसेंच वाळून माश्यांचा उपद्रव वाढला, तेव्हां १९६८ पासून परदेशांतून शेणकिडे नेऊन सोडावे लागले. आपल्या बांधावर तो आपोआप येतो, म्हणून त्याची किंमत आपणांस कळत नाहीं.

चुकलेल्या ओळखीची एक दूरची गोष्ट

नांवाच्या चुकीनें केवढा कालापव्यय होतो, याची एक बोधप्रद हकीकत आहे. साल्व्हिनिया नांवाची पाण्यावर तरंगणारी एक नेच्याच्या वर्गांतील वनस्पति अनेक उष्ण देशांत पसरली. केरळांत तिनें भातखाचरें, कालवे व जलमार्ग भरून टाकले. एकेक खाचर लावणीपूर्वीं हातानें साफ करावें लागे. ही वनस्पति दक्षिण अमेरिकेंतील एका जुन्या परिचित जातीची आहे, असें सर्व समजत होते. म्हणून त्या जातीवर जगणारे लहान सोंडे त्रिनिदाद बेटांतून आणून ठिकठिकाणीं सोडण्यांत आले. परंतु तण हटलें नाहीं.

१९७२ सालीं बारीक तपासणीअंतीं असें ठरलें कीं, ही वनस्पति त्या जातीची नव्हेच. ती स्वतंत्र जाति आहे. तिला साल्व्हिनिया मोलेस्टा हें नांव मिळालें. मग तिचें खरें माहेर कोठें याचा शोध सुरू होऊन तें १९७८ मध्यें ब्राझीलच्या आग्नेय भागांत सांपडलें. तेथें तिच्यावर एक सोंडा मिळाला. तो दोन मिलिमीटरांचा, काळपट, पूर्वीच्या सोंड्यासारखाच दिसणारा होता, व प्रथम तोच समजला गेला. १९८० सालीं ऑस्ट्रेलियांतील माउंट आयझा गांवाजवळच्या मूनडारा तलावांत तो सोडतांच सुमारें एका वर्षांत त्यानें तलाव मोकळा केला. इतका फरक कां, म्हणून कीटकशास्त्रज्ञांनीं दोन्ही सोंडे पुन्हां शेजारीं ठेवून तपासले, तेव्हां हा सोंडाही निराळीच जाति निघाला. १९८५ सालीं त्यास सिर्टोबेगस साल्व्हिनी असें नांव देण्यांत आलें. तो ऑस्ट्रेलियाहून १९८२ च्या सुमारास आपल्या देशांत आणला गेला. प्रथम बंगळूर येथें व नंतर केरळांत त्यानें तेंच काम करून दाखविलें.

तण चुकीचें ओळखलें, म्हणून त्याचा वैरी चुकीच्या गांवीं शोधला गेला, आणि तेवढीं वर्षें केरळचा शेतकरी पाण्यांत उभा राहून तण उपसत राहिला. हजारों मजुरांचें काम जें करूं शकलें नाहीं, तें दोन मिलिमीटरांच्या किड्याच्या योग्य ओळखीनें झालें.

शंख-शिंपले कसे पाहावे?

समुद्रकांठीं पडलेल्या शंखांत पोरांचें लक्ष प्रथम रंगाकडे जातें. अनुभवी माणूस रंग सर्वांत शेवटीं पाहतो. कारण उन्हापाण्यानें तो उडतो, व एकाच जातींत निरनिराळाही असतो. शंखवर्गाच्या कवचांत वेढे किती, ते उंच चढलेले कीं चपटे, तोंडाचा आकार कसा, तोंडाखालीं पन्हळ आहे कीं नाहीं, मधल्या खांबावर वळ्या आहेत काय, व तोंडास झांकण होतें काय, या गोष्टी क्रमानें पाहाव्या. तिसऱ्या, कालवें इत्यादि दोन झडपांच्या शिंपल्यांत बिजागरीचे दांत व आंतल्या बाजूस स्नायु चिकटल्याच्या खुणा महत्त्वाच्या. झडप बाहेरून झिजली तरी या खुणा बहुधा राहतात.

या पारखीचा व्यवहारांत उपयोग काय, असें कोणी विचारील. आमच्या एका वाचकानें जत्रेंतील एका विक्रेत्यापासून दोन म्हशींची किंमत देऊन 'दक्षिणावर्ती' शंख घेतला, व आम्हांस मोठ्या कौतुकानें दाखविला. आपल्या देवघरांतील पवित्र शंखाची जाति टर्बिनेला पायरम ही होय; ती मुख्यतः तामिळनाडूच्या किनाऱ्याकडून येते, व तिच्या व्यवहारावर जेम्स हॉर्नेल यांनीं १९१४ सालीं सबंध ग्रंथ लिहिला आहे. या जातीचा शंख शेंडा वर व तोंड आपल्याकडे करून धरला, तर उघडी बाजू उजव्या हातास येते. पूजेंत मात्र निमुळतें टोंक वर धरतात, म्हणून तोच शंख डावीकडे उघडणारा, वामावर्ती ठरतो. याच्या उलट फिरलेला शंख या जातींत क्वचितच निपजतो, व तोच दक्षिणावर्ती म्हणून मौल्यवान.

परंतु अमेरिकेच्या किनाऱ्यावर, मेक्सिकोच्या आखाताकडे, बुसिकॉन गोत्रांतील एक शंख असा आहे कीं, त्याच्या जातीचा सर्वसाधारण फेराच उलटा असतो. तेथें तो मुळींच नवलाचा नाहीं. आमच्या वाचकाच्या हातांत तोच होता. खूण एकच सांगतों: खऱ्या शंखाच्या तोंडांत मधल्या खांबावर तीन-चार ठळक आडव्या वळ्या असतात, बुसिकॉनचा खांब गुळगुळीत असतो. जें एका जातींत नियम, तें दुसऱ्या जातींत अपवाद. म्हणून जाति ठरल्याशिवाय 'दुर्मिळ' हा शब्दच अर्थहीन आहे. वाचकांची श्रद्धा हा आमचा विषय नाहीं. त्यांची फसवणूक हा मात्र आहे.

शेतांत आलेला पाहुणा

शंखवर्ग समुद्रांतच राहतो असें नाहीं. २०२२ च्या पावसाळ्यांत लातूर, बीड व धाराशिव भागांतील सोयाबीनचीं कोंवळीं रोपें शंखी गोगलगाईंनीं फस्त केलीं, व पुष्कळांस दुबार पेरणी करावी लागली, हें वाचक विसरले नसतील. ही गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची. ती या देशांत कशी आली, हें ऐकून आश्चर्य वाटेल. विल्यम बेन्सन नांवाचा एक इंग्रज शंखशास्त्रज्ञ मॉरिशसहून ती घेऊन आला, व १८४७ सालीं कलकत्त्याच्या एका बागेंत ती सोडली गेली. ज्यास हिंदुस्थानांतील गोगलगाईंच्या जाती अंगुलीवर मोजतां येत होत्या, त्याच्याच हातून ही चूक झाली. कवच ओळखणें ही अर्धी विद्या. त्यांतील जीव काय खाईल व किती वाढेल, हें जाणणें ही उरलेली अर्धी.

शंखी गोगलगाईचें कवच लांबट, टोंकदार, तपकिरी व फिकट पट्ट्यांचें असून पूर्ण वाढ झाल्यावर सात ते नऊ वेढ्यांचें होतें. तोंडाशीं मधला खांब कापल्यासारखा एकाएकीं तुटतो, ही पक्की खूण. आणि तिला झांकण नसतें. भातखाचरांतील गोलसर गोगलगाय तोंड मिटण्यास घट्ट झांकण बाळगते. ती आपल्याकडची जुनी रहिवासी आहे, तिच्यावर राग काढूं नये. सह्याद्रीच्या रांगेंत जमिनीवर राहणाऱ्या गोगलगाईंच्या अडीचशेंहून अधिक जाती असून त्यांतील बहुसंख्य जगांत अन्यत्र कोठेंही नाहींत. 'दुर्मिळ शंख' शोधण्यास समुद्रावर जाण्याचें कारण नाहीं. घाटमाथ्याच्या शेतकऱ्याच्या बांधामागें पाल्याखालीं ते असतील.

सरसकट नाशाचें फळ काय होतें, हें प्रशांत महासागरांतील बेटांवर दिसून आलें. शंखी गोगलगाईचा नाश करण्यासाठीं अमेरिकेकडची दुसरी एक मांसाहारी गोगलगाय, युग्लँडिना, ताहिती बेटावर १९७४ मध्यें व मूरिया बेटावर १९७७ मध्यें सोडण्यांत आली. तिनें शंखी गोगलगाय संपविली नाहीं. परंतु त्या बेटांतील पार्टुला नांवाच्या लहान, निरुपद्रवी गोगलगाईंच्या बहुतेक जाती रानांतून नाहींशा केल्या. कांहीं थोड्या जाती प्राणिसंग्रहालयांत जपल्या गेल्या, म्हणूनच त्या पुन्हां रानांत सोडण्याचा प्रयत्न तरी होऊं शकला.

आपणांस साधा मार्ग बरा. सायंकाळीं बांधाकडेनें ओलीं गोणपाटें अंथरावीं, सकाळीं त्यांखालीं जमलेल्या शंखी गोगलगाई वेंचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यांत माराव्या, व शेताभोंवतीं कोरड्या चुन्याचा पट्टा ओढावा. हातमोज्यावांचून त्यांस स्पर्श करूं नये, कारण त्यांच्याद्वारें माणसास रोगकारक कृमि लागूं शकतात. आणि पहिल्या पावसांत बांधावर चमकणारे काजवे पाहून समाधान मानावें. काजवा हाही भुंगेराच आहे, व त्याची अळी गोगलगाई खाऊन वाढते. दिवे व विषारी फवारे यांनीं त्याचें राहणें कठीण करूं नये.

संग्रह कसा करावा?

यासाठीं फार साहित्य लागत नाहीं. एक दहापट मोठें दाखविणारें भिंग, कांहीं रुंद तोंडाच्या बाटल्या, थोडें स्पिरिट, टांचण्या व झांकणाची एक पेटी एवढें पुरे. भुंगेऱ्यास टांचणी पाठीच्या मध्यावर न टोंचतां उजव्या कवचपंखांतून टोंचावी, म्हणजे मध्यरेषेवरील खुणा बिघडत नाहींत. अळ्या आधीं ऊन पाण्यांत बुडवून मग स्पिरिटमध्यें ठेवाव्या. तसें न केल्यास त्या काळ्या पडतात. पेटींत डांबराच्या गोळ्या ठेवाव्या. शंख-शिंपले रिकामे असतील तेच उचलावे. ते ओल्या लांकडाच्या, दमट पेटींत ठेवूं नयेत, कारण लांकडांतील आम्लाच्या वाफेनें कवच खाल्लें जाऊन त्यावर पांढरी भुकटी येते. शंकूच्या आकाराचे कोनस शंख जिवंत असतां हातीं मुळींच धरूं नयेत. त्यांच्या विषारी दंशानें माणसें दगावलेलीं आहेत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे चिठी. गांव, तारीख, पीक, जमिनीचा प्रकार, व कीड झाडाच्या कोणत्या भागावर सांपडली, हें प्रत्येक नमुन्याबरोबर लिहिलेलें असावें. चिठी नसलेला सुंदर भुंगेरा हें एक खेळणें आहे. चिठी असलेला मोडका भुंगेरा हा पुरावा आहे. हल्लीं भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून विचारण्याची सोय झाली आहे, ती चांगलीच. परंतु हुमणीच्या जाती अळीच्या शेवटच्या खंडाच्या खालच्या बाजूस असलेल्या केंसांच्या रांगांवरून ठरतात, आणि वरून काढलेल्या छायाचित्रांत त्या येत नाहींत. म्हणून नमुना जपून ठेवावा. आपल्या गांवीं उकल न झाल्यास कृषि विद्यापीठांच्या कीटकशास्त्र विभागाकडे, किंवा १९१६ सालीं स्थापन झालेल्या भारतीय प्राणि सर्वेक्षण संस्थेच्या पुण्यांतील केंद्राकडे विचारणा करतां येईल. मुंबईची निसर्ग इतिहास संस्था तर १८८३ पासून याच कामास लागलेली आहे.

दुर्मिळ म्हणजे काय?

कोनस गोत्रांतील 'समुद्राचें वैभव' अशा अर्थाच्या नांवाचा एक शंख १७७७ सालीं वर्णिला गेला. त्यानंतर जवळजवळ दोनशें वर्षें त्याचे थोडेसेच नमुने जगांत होते, व राजेरजवाडे त्यासाठीं वाटेल तें मूल्य देत. १९६९ सालीं ग्वाडलकनाल बेटाजवळ पाणबुड्यांस त्याचें राहण्याचें ठिकाण सांपडलें, आणि तो पूर्वीइतका दुर्मिळ राहिला नाहीं. पुष्कळदां दुर्मिळता जीवांत नसून आपल्या अज्ञानांत असते. परंतु कांहीं जीव खरोखरच थोडे उरले आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं २००१ सालीं नॉटिलस, राक्षसी शिंपले इत्यादि कांहीं जातींस संरक्षण मिळालें आहे. असे जीव उचलूं नयेत, विकत घेऊं नयेत.

आमच्या नदीकांठच्या सभासदांनीं त्या वर्षापासून निंबाच्या झाडांस त्रास देणें सोडलें. उन्हाळी खोल नांगरट, नांगरामागें अळ्या वेंचणें, तिन्हीसांजेस उसाच्या सरींतून भुंगेरे धरणें, व हुमणीवर रोग आणणारी मेटारायझियम बुरशी शेणखतांतून देणें, हे उपाय त्यांनीं शेजाऱ्यांसह चालविले आहेत. ऊस पडणें अद्याप सर्वस्वीं थांबलें नाहीं. एकट्या-दुकट्याच्या कामानें तें थांबणारही नाहीं. परंतु पूर्वीं निम्मा फड जात असे, तेथें आतां कडेचीं बेटें जातात. गेल्या खेपेस त्यांनीं आम्हांस एक पेटी पाठविली. तींत चौदा भुंगेरे ओळीनें टोंचलेले होते, प्रत्येकाखालीं त्यांच्या शाळकरी नातीच्या अक्षरांत चिठी होती, आणि सोबतच्या पत्रांत औषधाविषयीं एक शब्दही नव्हता. प्रश्न एकच होता: "यांतले आपले कोण?"

चौदांपैकीं पांच आपले निघाले. प्रत्येक गांवीं अशी एक पेटी असावी, व ती दर पावसाळ्यांत भरत जावी, एवढेंच आमचें मागणें आहे.